अल्फाफोल्ड डेटाबेस: घडी पाहण्याआधी रंग वाचा

युनिप्रॉट या प्रथिनक्रमांच्या सूचीतला क्रमांक टाका, एंटर दाबा, आणि ज्या प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा फक्त क्रम ठाऊक होता त्याची त्रिमितीय घडी पडद्यावर फिरू लागते. क्रमावरून घडीचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमच्या अंदाजांचं हे भांडार. नोंदणी नाही, पैसे नाहीत. परवाना सीसी-बाय ४.० असल्यामुळे श्रेय दिलं की ही रचना वर्गात, लेखात, अगदी व्यावसायिक कामातही वापरता येते. गूगलची एआय कंपनी डीपमाइंड आणि युरोपातली जैवमाहिती संस्था ईएमबीएल-ईबीआय यांनी जुलै २०२१ मध्ये ही सेवा सुरू केली तेव्हा तिच्यात साडेतीन लाखांवर रचना होत्या. वर्षभरात आकडा वीस कोटींच्या पुढे गेला. प्रयोगाने मिळालेल्या रचनांचं भांडार म्हणजे पीडीबी. ती १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाली आणि दोन लाखांचा टप्पा गाठायला तिला २०२३ उजाडावं लागलं. हे दोन आकडे शेजारी ठेवताना एक विसरायचं नाही: पीडीबीत मोजमाप आहे, इथे अंदाज आहे. फार उत्तम अंदाज, पण अंदाजच.

मत आधीच सांगून टाकतो. पेशीजीवशास्त्र शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि त्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने ही सेवा वापरावी. मात्र घडी दिसली की लगेच ‘हे प्रथिन असं असतं’ म्हणून मोकळं होणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. त्यात दोष सेवेचा कमी आणि घाईचा जास्त. आपला अंदाज कुठे पक्का आणि कुठे कच्चा हे डेटाबेस स्वतःच सांगतो, चार रंगांतून आणि एका हिरव्या चौकोनातून. आमच्या मते या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

चार रंग

साखळीतल्या प्रत्येक अमिनो आम्लाला ० ते १०० मध्ये गुण मिळतात. या गुणांना पीएलडीडीटी म्हणतात. ९० च्या वर गडद निळा, ७० ते ९० फिकट निळा, ५० ते ७० पिवळा आणि ५० च्या खाली नारिंगी. गडद निळ्या भागात साखळीचा कणा तर बरोबर असतोच, बाजूच्या साखळ्यांची दिशाही बहुधा बरोबर असते. एन्झाइमच्या सक्रिय जागेबद्दल काही बोलायचं तर ती जागा गडद निळीच हवी. फिकट निळ्यात कणा भरवशाचा, पण बाजूच्या साखळ्यांवर विसंबू नये. पिवळ्यावर निष्कर्ष बांधू नयेत. नारिंगी भाग म्हणजे रचनाच नव्हे. घडीभोवती सुटलेल्या दोऱ्यासारखी जी लांबच लांब वेटोळी दिसतात ती प्रथिनाची खरी अवस्था नाही. साखळी काढायची म्हणून कुठून तरी नेलेली आहे. त्या भागाचा रामचंद्रन आलेख (साखळीच्या कण्याचे कोन शक्य आहेत का ते दाखवणारा) काढला तर असंख्य बिंदू निषिद्ध प्रदेशात पडलेले दिसतात. म्हणून ‘इथे वळण आहे’, ‘हे टोक गाभ्याला चिकटलंय’ अशी वाक्यं नारिंगी भागाबद्दल लिहू नयेत.

हे किरकोळ अपवाद नाहीत. माणसाच्या प्रथिनसंचात पहिल्या फेरीत ७० च्या वर गुण मिळालेली अमिनो आम्लं सुमारे ५८ टक्के होती आणि ९० च्या वरची ३६ टक्के. म्हणजे दर दहांतली चार पिवळी किंवा नारिंगी.

गुण कमी येण्याची दोन कारणं असतात आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. एक, तो भाग पेशीत खरोखरच घडी घेत नाही. सैल राहणं हेच त्याचं काम असतं. दोन, घडी आहे, पण अंदाज बांधायला पुरावा अपुरा पडला. अल्फाफोल्ड नातेवाईक प्रथिनांचे क्रम एकाखाली एक मांडून बघतं. दोन जागी अमिनो आम्लं उत्क्रांतीत जोडीने बदलत आली असतील तर घडीत ती जवळ असावीत, हा त्यामागचा धागा. नातेवाईक क्रम मोजकेच असले की हा धागा तुटतो. फरक ओळखायची सोपी रीत म्हणजे त्या पट्ट्याचा क्रम वाचणं. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, फेनिलअ‍ॅलनीन यांसारखी पाण्यापासून दूर पळणारी अमिनो आम्लं विरळ असतील आणि सेरीन, प्रोलीन, ग्लुटामीन व भारित अमिनो आम्लं भरपूर असतील, तर तो भाग सैल असण्याची शक्यता जास्त, कारण घडीला गाभा बांधायला सामानच नाही. उलट जलविरोधी अमिनो आम्लं भरपूर असूनही रंग नारिंगी असेल तर संशय पुराव्याच्या तुटवड्यावर घ्यावा, किंवा तिथे एखादं दुसरं प्रथिन येऊन बसत असेल असं धरून पुढे शोधावं.

हिरवा चौकोन, ज्याच्याकडे फार थोडे बघतात

पानावर खाली गडद-फिकट हिरव्या छटांचा एक चौकोन असतो. त्याचं नाव पीएई. तो सांगतो ते असं: एका अमिनो आम्लावर अंदाजी आणि खरी रचना जुळवून ठेवली, तर दुसरं अमिनो आम्ल आपल्या खऱ्या जागेपासून किती आँगस्ट्रॉम (मीटरचा दहा अब्जावा भाग) सरकलेलं असेल. गडद म्हणजे चूक कमी, फिकट म्हणजे जास्त.

पीएलडीडीटी फक्त जवळपासच्या घडीबद्दल बोलतो. प्रथिनात दोन स्वतंत्र गोळे, म्हणजे डोमेन, असतील आणि दोन्ही गडद निळे असतील, तरी ते एकमेकांशी कोणत्या कोनात आहेत हे त्या निळ्या रंगावरून कळत नाही. ते या चौकोनात कळतं. कर्णावर दोन गडद चौकडे आणि त्यांच्यामधले कोपरे फिकट दिसले, तर प्रत्येक डोमेन विश्वासार्ह आहे, पण त्यांची परस्पर मांडणी नाही. पडद्यावर ते शेजारी दिसतात कारण त्यांना कुठेतरी काढावंच लागतं. अशा चित्रात दोन डोमेनमधली फट मोजून ‘इथे औषधाचा रेणू बसेल’ म्हणणं ही सर्वांत वारंवार दिसणारी चूक आहे, आणि ती टाळायला चौकोनाकडे पाच सेकंद बघणं पुरतं. चौकोनावर माउसने पट्टा निवडला की वरच्या रचनेत तो भाग उजळतो. ही सोय छान आहे. पान मात्र रचनेला मोठी जागा देतं आणि चौकोन खाली ढकलतं. आमच्या हाती असतं तर दोन्ही शेजारी ठेवले असते.

तीन ओळखीच्या प्रथिनांवर पारख

हिमोग्लोबिनची अल्फा साखळी, क्रमांक पी६९९०५. जवळजवळ सगळी गडद निळी. हेलिक्स, म्हणजे साखळीचे मळसूत्री भाग, नीट मोजता येतात: दर फेऱ्याला ३.६ अमिनो आम्लं, दर अमिनो आम्लामागे १.५ आँगस्ट्रॉम उंची. रचना म्हणून खोट काढायला जागा नाही. पण हिमोग्लोबिनचं काम शोधायला गेलात तर हात रिकामे राहतात. लोह धरणारा हीम हा रेणू नाही, लोह नाही, ऑक्सिजन तर नाहीच. हीमची खोबण मात्र तशीच आहे आणि तिच्या दोन बाजूंना दोन हिस्टिडीन, मधल्या कोणाची वाट बघत असल्यासारखे. अल्फाफोल्ड पीडीबीतल्या रचनांवर शिकलं आहे आणि तिथे ही घडी हीमसकट आहे, म्हणून खोबण उरली, पाहुणा नाही. शिवाय पेशीत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या एकत्र असतात. एका हीमवर ऑक्सिजन बसला की दोन अल्फा-बीटा जोड्या एकमेकींच्या तुलनेत सुमारे १५ अंश फिरतात आणि बाकीच्या हीमना ऑक्सिजन पकडणं सोपं जातं. हिमोग्लोबिनचं सगळं कौशल्य या फिरण्यात आहे, आणि एकेका साखळीच्या पानावर त्याचा मागमूस लागत नाही.

इथेच क्रमांकांचा सापळाही भेटतो. डेटाबेस युनिप्रॉटचा पूर्ण क्रम घेतो, सुरुवातीच्या मेथिओनीनसकट. पेशीत तो मेथिओनीन काढला जातो, म्हणून जुन्या साहित्यातले क्रमांक एकाने कमी असतात. पुस्तकातला हिस्टिडीन ८७ इथे ८८ वर सापडतो. सिकलसेलचा बदल बीटा साखळीत सहाव्या जागी शिकवला जातो, तो इथे सातव्या जागी. इथल्या सहाव्या जागेवर प्रोलीन आहे, त्यामुळे पुस्तकी क्रमांक तसाच वापरला तर भलतंच अमिनो आम्ल रंगवलं जातं.

इन्सुलिन, पी०१३०८. शिकवणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावं. रक्तात फिरणारं इन्सुलिन म्हणजे २१ अमिनो आम्लांची ए साखळी आणि ३० ची बी साखळी, डायसल्फाइड पुलांनी बांधलेल्या. दोन पूल साखळ्यांमध्ये आणि एक ए साखळीच्या आतच. या पानावर दिसते ती मात्र ११० अमिनो आम्लांची मूळ साखळी: पहिली २४ सिग्नल पेप्टाइडची (साखळीला वाट दाखवणारा तुकडा), मग बी साखळी, मग दोघींना जोडणारं सी-पेप्टाइड, शेवटी ए साखळी. सिग्नल पेप्टाइड एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये शिरतानाच कापलं जातं आणि सी-पेप्टाइड पुढे कणिकांत वेगळं होतं. म्हणजे पडद्यावरचा सलग रेणू काम करणाऱ्या इन्सुलिनचा नाही. तो वापरायचाच तर आधी युनिप्रॉटच्या पानावर ‘प्रक्रिया’ हा भाग उघडा, बी साखळी २५ ते ५४ आणि ए साखळी ९० ते ११० हे पट्टे टिपा आणि बाकीचं लपवा. खरं तर इन्सुलिनसाठी इथे यायचं कारणच नाही. पीडीबीत त्याच्या उत्तम मोजलेल्या रचना भरपूर आहेत. हाच नियम सगळीकडे लावावा: प्रयोगाची चांगली रचना असेल तर आधी ती. दोन आँगस्ट्रॉम किंवा त्याहून चांगल्या विभेदनाच्या (बारीक तपशील दाखवणाऱ्या) रचनेत बाजूच्या साखळ्याच काय, पाण्याचे रेणूही दिसतात. असं पाणी अल्फाफोल्डच्या फाइलमध्ये कधीच मिळणार नाही.

तिसरं पी५३, कर्करोगाला आळा घालणारं प्रथिन, क्रमांक पी०४६३७, लांबी ३९३. सेवेचं बळ आणि मर्यादा दोन्ही एकाच पानावर बघायच्या असतील तर हेच पान उघडावं. डीएनएला धरणारा मधला डोमेन निळाशार. त्याआधीचा जवळजवळ शंभर अमिनो आम्लांचा पट्टा सैल, आणि ते योग्यच आहे. तो भाग वेगवेगळ्या प्रथिनांशी गाठ पडते तशी घडी घेतो. पी५३ ला लगाम घालणाऱ्या एमडीएम२ या प्रथिनाच्या खोबणीत बसताना त्याचा छोटा तुकडा हेलिक्स होतो. मधल्या डोमेनमध्ये सिस्टीन १७६, हिस्टिडीन १७९, सिस्टीन २३८ आणि सिस्टीन २४२ एका बिंदूकडे तोंड करून उभे दिसतील. त्या बिंदूवर पेशीत जस्ताचा अणू असतो, फाइलमध्ये पोकळी आहे. शेपटाकडे ३२५ ते ३५६ च्या आसपासचा छोटा भाग चार साखळ्यांना एकत्र बांधतो. पान एकच साखळी दाखवतं, त्यामुळे त्या भागाची जलविरोधी बाजू उघडीच लटकताना दिसते. असा उघडा जलविरोधी पट्टा कुठेही दिसला की समजावं, इथे जोडीदार गैरहजर आहे.

निळा रंगही कधी कधी पूर्ण खरं सांगत नाही. फोर-ई-बीपी२ हे प्रथिन एकटं असताना सैल असतं. अल्फाफोल्ड त्याच्या एका तुकड्याला भरपूर गुण देऊन हेलिक्स दाखवतं. ती हेलिक्स खोटी नाही, पण ती जोडीदाराला धरलेल्या अवस्थेतली आहे. कॅल्शियम पकडणाऱ्या कॅल्मोड्युलिन या प्रथिनाचंही तसंच: कॅल्शियमशिवाय एक आकार, चार कॅल्शियम बसल्यावर दुसरा, आणि लक्ष्य पेप्टाइडभोवती गुंडाळल्यावर तिसरा. डेटाबेसकडे दाखवायला एकच आहे, आणि तो कोणत्या अवस्थेतला हे पानावर लिहिलेलं नसतं.

एक अमिनो आम्ल बदललं तर?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि यासाठी ही घडी वापरू नये. बदललेला क्रम देऊन नवी रचना काढली तर ती बहुतेक वेळा मूळ रचनेसारखीच येते. त्यावरून बदल निरुपद्रवी ठरत नाही. मांडून ठेवलेल्या नातेवाईक क्रमांचा जोर इतका असतो की एका जागेचा बदल त्यात बुडून जातो. सिकलसेलमध्ये तर एकट्या साखळीची घडी बिघडतच नाही. ग्लुटामिक आम्लाच्या जागी आलेलं व्हॅलीन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत फेनिलअ‍ॅलनीन ८५ आणि ल्युसीन ८८ (दोन्ही पुस्तकी क्रमांक) यांच्यामधल्या खोबणीत जाऊन बसतं, आणि ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे धागे तयार होतात. आजार दोन रेणूंच्या मध्ये आहे. एका रेणूच्या चित्रात तो सापडणार कसा?

माणसाच्या प्रथिनांच्या पानांवर एका अमिनो आम्लाचा बदल किती घातक याचा अंदाज बांधणाऱ्या अल्फामिसेन्सचे गुण जोडलेले आहेत, ते या कामाला जास्त योग्य. ० ते १ मधला आकडा: ०.३४ च्या खाली बहुधा निरुपद्रवी, ०.५६४ च्या वर बहुधा घातक, मधलं अनिश्चित. प्रयोगासाठी जागा निवडायला हे उत्तम. रुग्णाच्या निदानाला एवढ्याच आधारावर हात घालू नये. शिवाय हा आकडा ‘काय बिघडतं’ ते सांगत नाही, घडी कोसळते की जोडीदार सुटतो हे तुम्हालाच शोधावं लागतं. पी५३ मध्ये १७५ व्या जागेवरचा आर्जिनीन जाऊन हिस्टिडीन आला की शेजारच्या जस्ताची पकड ढिली होते, तर २७३ वरचा आर्जिनीन थेट डीएनएला टेकलेला असतो. दोन्ही घातक, कारणं निराळी.

पेशीपटलात रुतलेली प्रथिनं बघताना आणखी एक काळजी. अल्फाफोल्डला पटल ठाऊक नाही. पटल ओलांडणारी हेलिक्स साधारण २० अमिनो आम्लांची, म्हणजे ३० आँगस्ट्रॉम, आणि ती बहुधा बरोबर ओळखली जाते. पण पेशीबाहेर असायला हवा असा डोमेन कधी कधी अशा जागी वळलेला दिसतो जिथे प्रत्यक्षात मेद असतात. चौकोनात त्या डोमेनचे कोपरे फिकटच असतील. तेवढं बघितलं की कोडं सुटतं.

जोडीदारासकट रचना हवी असेल तर मे २०२४ मध्ये आलेला अल्फाफोल्ड सर्व्हर आहे, अल्फाफोल्ड ३ वर चालणारा. गूगल खातं लागतं, रोजच्या कामांवर मर्यादा आहे आणि वापर फक्त अव्यावसायिक. तिथे आयपीटीएम हा साखळ्यांच्या जोडणीचा भरवसा सांगणारा आकडा बघायचा: ०.८ च्या वर जोडणी विश्वासार्ह, ०.६ च्या खाली बहुधा चुकीची, मधलं सगळं प्रयोगाने तपासण्याजोगं. एकाच धावेवर थांबू नका. बीज-आकडा (धावेची यादृच्छिक सुरुवात ठरवणारा) बदलून पुन्हा चालवा आणि जोडणी तीच येते का बघा. सैल पट्ट्यांत अल्फाफोल्ड ३ नसलेल्या हेलिक्स काढतं, तिथेही रंगच कामाला येतो.

काय सापडत नाही तेही थोडक्यात. २०२२ च्या मोठ्या संचात १६ पेक्षा कमी अमिनो आम्लांची साखळी नव्हती, विषाणूंची प्रथिनं नव्हती, आणि लांबीची मर्यादा निवडक जीव व स्विस-प्रॉट (युनिप्रॉटचा तज्ज्ञांनी तपासलेला भाग) यांना २,७०० तर बाकीच्यांना १,२८० होती. माणसाची त्याहून लांब प्रथिनं १,४०० अमिनो आम्लांच्या एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत, तीही फक्त डाउनलोड संचात. स्नायूतलं टायटिन जवळजवळ ३४,००० अमिनो आम्लांचं, त्याचं एकसंध चित्र शोधत बसू नका.

फाइल उतरवून घेताना

पीडीबी आणि एमएमसीआयएफ असे फाइलचे दोन नमुने मिळतात. नवं काम एमएमसीआयएफवर करावं. हिरव्या चौकोनाची जेसन फाइल वेगळी असते, तीही सोबत घ्या, नंतर हमखास लागते.

सर्वांत मोठा गोंधळ होतो तो बी-फॅक्टरच्या स्तंभात. प्रयोगाच्या रचनेत तिथला मोठा आकडा म्हणजे अणू जास्त हलणारा, जागा अनिश्चित. अल्फाफोल्डच्या फाइलमध्ये त्याच स्तंभात पीएलडीडीटी भरलेला असतो, म्हणजे मोठा आकडा जास्त भरवशाचा. अर्थ नेमका उलटा. पायमॉल किंवा कायमेरा-एक्स या रचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बी-फॅक्टरनुसार नेहमीची रंगपट्टी लावली की पक्का गाभा तापलेला लाल आणि सैल शेपटं थंड निळी दिसतात. आकृती छापायच्या आधी हे तपासा. पहिलं काम म्हणून या स्तंभात ५० पेक्षा कमी आकडा असलेले अणू निवडून लपवा. उरतं ते बोलण्याजोगं प्रथिन.

स्फटिकाच्या माहितीवर ही रचना आण्विक प्रतिस्थापनासाठी (अंदाजी रचनेच्या आधाराने स्फटिकातली खरी रचना उलगडण्यासाठी) लावणार असाल तर फाइल आहे तशी देऊ नका. ७० च्या खालचा भाग छाटा, पीएलडीडीटीचे खऱ्या बी-फॅक्टरमध्ये रूपांतर करा आणि चौकोन बघून डोमेन वेगळे काढा. फीनिक्स या रचना उलगडण्याच्या प्रोग्रॅमसंचात यासाठी तयार साधन आहे. न छाटलेल्या फाइलमध्ये नारिंगी वेटोळी शेजारच्या रेणूंवर आदळतात आणि बरोबर उत्तरही नाकारलं जातं. डॉकिंगसाठी (औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल ते संगणकावर बघण्यासाठी) घेत असाल तर खोबणीभोवतीचं प्रत्येक अमिनो आम्ल ९० च्या वर आहे ना ते बघा, आणि जस्त, मॅग्नेशियम, हीम यांपैकी तिथे काय असायला हवं ते नातेवाईक प्रथिनाच्या पीडीबीतल्या रचनेवरून आणून बसवा. रिकाम्या सोडलेल्या जस्ताच्या जागेत डॉकिंगचा प्रोग्रॅम औषधाचा रेणू खुशाल कोंबतो आणि गुणही उत्तम देतो.

फाइलच्या नावाच्या शेवटी आवृत्तीचा आकडा असतो, तो वहीत उतरवून ठेवा. डेटाबेसची नवी आवृत्ती आली की त्याच क्रमांकाखालची रचना बदललेली असू शकते, आणि आकृती पुन्हा काढायची वेळ आली की आधीची कोणत्या फाइलवरून काढली होती हे या आकड्यावरूनच कळतं.